मिंगच्या दरबारातला पाचगणीकर

सिनेमाचं संगीत म्हटलं की आपल्याला गाणी आठवतात. पाश्चात्त्य देशांत मात्र गेल्या चार-पाच दशकांत एक निराळा प्रकार रुजला. चित्रकथेतला, म्हणजे कॉमिकमधला नायक पडद्यावर आणायचा, त्याच्या हाणामारीला रॉक संगीत द्यायचं आणि त्या संगीताची तबकडी स्वतंत्रपणे विकायची. अशा सुरुवातीच्या तबकड्यांपैकी एकीचा धागा आपल्या पाचगणीला पोचतो. तिच्या नायकाला तर आम्ही बीडमध्ये मराठी बोलताना पाहिलेलं आहे!

बीडच्या एसटी स्टँडवर इंद्रजाल कॉमिक्स मिळत. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशन संस्थेने १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. महाबली वेताळ, जादूगार मँड्रेक, आबिद सुरतींचा बहादूर आणि अवकाशवीर फ्लॅश गॉर्डन ही मंडळी तिथे भेटायची. एक अंक गल्लीतल्या सात-आठ घरांत फिरायचा आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत त्याचं मुखपृष्ठ गेलेलं असायचं. खरं सांगायचं तर गॉर्डन मला वेताळाइतका कधी आवडला नाही. त्याचा शत्रू सम्राट मिंग मात्र डोक्यात बसला. टोकदार मिशा, उंच कॉलरचा झगा आणि थंड नजर.

हा मिंग आला कुठून? अमेरिकन चित्रकार अ‍ॅलेक्स रेमंड यांनी जानेवारी १९३४ मध्ये वर्तमानपत्रांसाठी ही चित्रमालिका सुरू केली. त्या काळी तिकडे पूर्वेकडच्या माणसांची भीती घालणाऱ्या गोष्टी भरपूर खपत. मिंग हे त्याच भीतीचं चित्र. ग्रह परका, पण नाव आणि चेहरा आशियाई. आपण आशियातलेच, पण वाचताना गोऱ्या गॉर्डनच्या बाजूने उभे राहायचो.

१९८० मध्ये डिनो दे लॉरेंटिस या इटालियन निर्मात्याने या कथेवर चित्रपट काढला. दिग्दर्शक होते माइक हॉजेस आणि मिंगच्या भूमिकेत स्वीडनचे मॅक्स फॉन सिडो. वाद्यवृंदाचं संगीत हॉवर्ड ब्लेक यांनी केलं. रॉकची बाजू क्वीन या ब्रिटिश बँडकडे होती. त्यांची तबकडी डिसेंबर १९८० मध्ये आली. तिच्यात अठरा तुकडे आहेत आणि रीतसर गायलेली गाणी जेमतेम दोन. बाकी सगळा गिटार, ड्रम्स आणि सिंथेसायझरचा खेळ, त्यात मधूनमधून चित्रपटातले संवाद. पूर्वी हाच बँड ‘आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं तबकडीच्या वेष्टनावर अभिमानाने छापत असे! मिंगच्या लग्नाची पारंपरिक धून तर त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली आहे. पुढे औरंगाबादला शिकत असताना मित्राच्या कॅसेटवर मी ती प्रथम ऐकली आणि खो खो हसलो.

चौघांनी काम वाटून घेतलं होतं. मुख्य गाणं गिटारवादक ब्रायन मे यांचं. मिंगच्या दरबाराचं संगीत मात्र गायक फ्रेडी मर्क्युरीचं. हा फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा, पारशी घरातला मुलगा. १९४६ मध्ये झांझिबारला जन्मला आणि वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांनी त्याला इतक्या दूर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. पियानोचं शिक्षण तिथे झालं. १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं.

म्हणजे पाहा, गोऱ्यांच्या भीतीतून जन्मलेल्या पौर्वात्य सम्राटाचा दरबार संगीताने उभा केला तो सह्याद्रीत शिकलेल्या एका पारशाने. ‘पूर्वेकडचं’ म्हणून वाजवली जाणारी ठोकळेबाज सुरावट त्यात माझ्या कानाला जाणवत नाही. जाणवतो तो दबदबा. याचं श्रेय पाचगणीला देण्याचा मोह होतो, पण तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पियानोवरची बोटं मात्र तिथे तयार झाली.

पुढे रीत बदलली. एका बँडकडून संगीत करून घेण्याऐवजी दहा-बारा बँडची एकेक गाणी गोळा करून संच काढायचे. १९९४ चा ‘द क्रो’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. जेम्स ओबार यांच्या चित्रकथेवरच्या या चित्रपटाचा नायक स्वतःच रॉक वादक. ती भूमिका करणारा ब्रँडन ली १९९३ मध्ये चित्रीकरणातल्या अपघातात गेला. द क्युअर, नाइन इंच नेल्स अशा बँडच्या गाण्यांचा तो संच अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिला आला. त्यात जीव होता, कारण कथाच रॉकवाल्याची होती. नंतरच्या कित्येक संचांतली गाणी चित्रपटात धड ऐकूही येत नाहीत. वेष्टनावर नायकाचं चित्र असलं की काम भागलं.

क्वीनच्या तबकडीने ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. मर्क्युरी नोव्हेंबर १९९१ मध्ये वारला. इंद्रजाल कॉमिक्स त्याच्या आदल्याच वर्षी बंद पडली होती.