जंगल उघडले, रस्ता बंद : पर्यटनावरील संकटे आणि शासनाची व्यवस्था
चिमूर : ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोलारा प्रवेशद्वार चिमूर तालुक्यात आहे. नागपूरपासून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर असल्याने मुंबई-पुण्याहून येणारे अनेक पर्यटक याच मार्गाने जंगलात शिरतात. या प्रवेशद्वारावर रिसॉर्टचालकांपासून जिप्सीचालक, गाइड, स्वयंपाकी आणि चहाच्या टपरीवाल्यापर्यंत अनेकांची रोजीरोटी अवलंबून आहे. ते अचानक बंद झाले तर शासन काय करते, याची उत्तरे गेल्या काही वर्षांत दोनदा मिळाली.

न्यायालयीन बंदी : २०१२
सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी अंतरिम आदेश देऊन देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबविले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर १६ ऑक्टोबर रोजी ही बंदी उठली. गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येईल आणि तेथे पर्यटनाची नवी बांधकामे होणार नाहीत, असे त्यात ठरले. बंदीचा बराच काळ पावसाळ्यात गेल्याने नुकसान मर्यादित राहिले. शिवाय प्रश्न एकाच खात्याशी संबंधित असल्याने नियम ठरताच तो सुटला.

महासाथ : २०२०
करोनाचे संकट मात्र हंगामाच्या ऐन भरात आले. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ हमखास दिसतो, म्हणून एप्रिल ते जून हे कमाईचे महिने. त्याआधीच, २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला लागण झाल्याचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाहीर होताच केंद्रीय यंत्रणांनी व्याघ्र प्रकल्पांना दक्षतेच्या सूचना दिल्या. माणसांबरोबर वाघांच्याही आरोग्याचा प्रश्न उभा राहिल्याने जंगल बंद ठेवण्यास दुसरे कारण मिळाले.

तीन परवानग्या, तीन तारखा
खरी अडचण पुन्हा सुरू करताना दिसली. बफर क्षेत्रातील सफारी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. हॉटेल व लॉजना ८ जुलैपासून, तेही ३३ टक्के क्षमतेने, परवानगी मिळाली. आंतरजिल्हा प्रवासासाठी ई-पासची सक्ती मात्र २ सप्टेंबरपर्यंत कायम होती. म्हणजे जंगल खुले, हॉटेल अर्धेमुर्धे खुले; पण नागपूरच्या पर्यटकाला चंद्रपूर जिल्ह्याची हद्द ओलांडण्यासाठी पास हवा होता. जंगल वनविभागाच्या, निवासव्यवस्था आपत्ती व्यवस्थापनाच्या आदेशांच्या आणि पास पोलिसांच्या अखत्यारीत होता. प्रत्येक आदेश आपल्या जागी योग्य असला, तरी पर्यटनाला तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. गाभा क्षेत्र पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला उघडले. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे पुन्हा निर्बंध आले आणि सलग दुसरा उन्हाळा हातचा गेला.

मदत कोणापर्यंत?
राज्य शासनाने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून पात्र हॉटेलांना वीज, पाणी व मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचे धोरण ठरले. केंद्राने आपत्कालीन कर्जहमी योजना मार्च २०२१ मध्ये हॉटेल व पर्यटन व्यवसायांसाठी खुली केली. थकीत कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, सहा वर्षांची मुदत आणि त्यात दोन वर्षे मुद्दलाच्या परतफेडीस सवलत, असे तिचे स्वरूप होते. जून २०२१ मध्ये पर्यटन संस्थांसाठी १० लाख आणि मान्यताप्राप्त गाइडसाठी एक लाख रुपयांपर्यंतची हमी कर्जयोजना जाहीर झाली.

या सर्व योजनांचा समान धागा म्हणजे नोंदणी, आधीचे कर्जखाते किंवा पर्यटन खात्याची मान्यता. प्रवेशद्वारावरील गाइडची नोंद वनविभागाकडे असते. त्याला महिन्याचे वेतन नसते; फेरीमागे मानधन मिळते. फेरी नाही तर कमाई नाही. कर्जावर जिप्सी घेतलेल्या चालकाला हप्ते पुढे ढकलण्याचा आधार मिळाला. पण व्याज थांबले नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठान असते. पर्यटनाचे उत्पन्न तेथे जमा होऊन संवर्धन व गावविकासासाठी वापरले जाते. मात्र प्रवेशद्वार बंद पडले की गावकऱ्यांची कमाई आणि प्रतिष्ठानचे उत्पन्न एकाच दिवशी आटते. ज्या विहिरीवर भिस्त, तीच कोरडी पडते.

पुढील तयारी
दोन्ही प्रसंगांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. वन, महसूल, पोलीस आणि पर्यटन खात्यांचा जिल्हा पातळीवर एकच संयुक्त आदेश हवा. हंगामाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा संकटनिधी म्हणून बाजूला ठेवायला हवा. वनविभागाकडील गाइड व जिप्सीचालकांची नोंद मदत योजनांसाठी ग्राह्य धरायला हवी. यासाठी नवा कायदा लागत नाही; नोंदवह्या तयार आहेत. पुढचे संकट साथीचे असेल, न्यायालयीन आदेशाचे असेल किंवा वणव्याचे. कोलाऱ्याच्या जिप्सीचालकाला पहिला प्रश्न एकच पडणार आहे, उद्याची फेरी होणार की नाही?