छायाचित्र संपादनासाठी संगणक जुळवताना

सुटे भाग घेऊन संगणक जुळवणे ही शहरी वाचकांना आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, यादी पुढे केली की दुकानदार भाग काढून देतो आणि यंत्र जोडूनही मिळते. मात्र लग्नसमारंभांचे छायाचित्रकार, अल्बम तयार करणारे किंवा दिवाळी अंकांची मुखपृष्ठे करणारे अशा मंडळींनी ही यादी स्वतः करावी, हे उत्तम. दुकानातील तयार यादी बहुधा खेळांचा विचार करून केलेली असते. तिच्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड खाऊन टाकते आणि मॉनिटर उरलेल्या पैशांत बसवला जातो. छायाचित्रांच्या कामाची गरज जवळजवळ याच्या उलट असते.

प्रथम रॅमचा हिशेब पाहू. निकॉनच्या डी८५० या २०१७ साली आलेल्या कॅमेऱ्याचे पूर्ण आकाराचे चित्र ८२५६ गुणिले ५५०४, म्हणजे साडेचार कोटींहून किंचित अधिक पिक्सेलचे असते. मेमरी कार्डावर त्याची ‘रॉ’ फाइल साधारण ५० एमबीची दिसते. तीच फोटोशॉपमध्ये १६ बिटवर उघडली की प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे प्रत्येकी २, असे ६ बाइट लागतात आणि चित्र २७० एमबीच्या पुढे जाते. त्यावर त्याच चित्राच्या प्रतीचे पाच थर चढवले की दीड जीबीच्या वर. शिवाय केलेली कृती मागे घेता यावी म्हणून आधीच्या अवस्थाही सांभाळाव्या लागतात. अशी तीन-चार चित्रे एकदम उघडली, तर ८ जीबी रॅम केव्हाच संपते. रॅम संपली की फोटोशॉप उरलेली माहिती ‘स्क्रॅच डिस्क’वर टाकू लागतो आणि काम रखडते. ‘संगणक मंद झाला’ अशी तक्रार घेऊन नवा प्रोसेसर घ्यायला निघालेल्या अनेकांची खरी अडचण हीच असते.

म्हणून ३२ जीबीपासून सुरुवात करावी. अनेक चित्रे जोडून पॅनोरमा करणाऱ्यांनी ६४ जीबी घ्यावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वाढले, त्यामुळे ‘आता थोडी, पुढे वाढवू’ हा मोह साहजिक आहे. परंतु डीडीआर५ प्रकारात चारही खाचा भरल्यास वेग बहुधा उतरतो. एकूण जेवढी लागणार तेवढी दोन सारख्या पट्ट्यांतच घेणे हिताचे.

डिस्कबाबत काटकसर करायची तर ती योग्य जागी करावी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दोनशेच्या आसपास, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, तर एनव्हीएमई एसएसडी काही हजार एमबी वाचते. विंडोज आणि प्रोग्राम एका एनव्हीएमईवर, चालू काम व स्क्रॅच दुसरीवर आणि पूर्ण झालेली कामे स्वस्त हार्ड डिस्कवर, ही विभागणी पुरेशी आहे.

प्रोसेसर आठ कोअरचा मध्यम किमतीचा चालतो. ब्रश, थर यांसारख्या कामांना एका कोअरचा वेग महत्त्वाचा. शेकडो रॉ फाइल एकदम रूपांतरित करताना मात्र सगळे कोअर राबतात. ग्राफिक्स कार्डाकडे पूर्वी दुर्लक्ष केले तरी चालत असे. २००८ च्या सीएस४ आवृत्तीपासून फोटोशॉप त्याची मदत घेऊ लागला आणि २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ‘डीनॉइज’ सोय आल्यावर चित्र पालटले. मंद उजेडात टिपलेल्या छायाचित्रांतील खरखर ती काढते, पण कार्ड दुबळे असेल तर एकेका चित्राला मिनिटे लागतात. ८ जीबी मेमरीचे मधल्या श्रेणीतील कार्ड घ्यावे. त्याहून महाग कार्डाचे पैसे मॉनिटरकडे वळवावेत.

कारण चूक होते ती मॉनिटरवर. पडद्यावर झळाळणारा वधूचा शालू अल्बममध्ये काळवंडून येतो आणि दोष छपाईवाल्याच्या माथी मारला जातो. नवा मॉनिटर बहुतेकदा फार प्रखर लावलेला असतो. छपाईच्या कामासाठी तेजस्विता प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेलापर्यंत उतरवावी लागते. आयपीएस पॅनेल, २७ इंच आणि किमान २५६० गुणिले १४४० पिक्सेल ही अपेक्षा ठेवावी. १९९६ चा एसआरजीबी रंगपट बहुतेक कामांना पुरतो. अडोबी आरजीबीमध्ये हिरव्या-निळसर छटा अधिक सामावतात, मात्र आपली लॅब त्या रंगपटातील फाइल स्वीकारते का, हे आधी विचारावे. कॅलिब्रेशनचे उपकरण घेऊन महिन्यातून एकदा रंग तपासावेत. भडक रंगाची भिंत आणि पडद्यावर पडणारा खिडकीचा उजेडही डोळ्यांना फसवतो. काचेच्या कॅबिनेटमधले रंगीबेरंगी दिवे या कामात निव्वळ उपद्रव आहेत. ते बंदच ठेवावेत.

एसएमपीएस नामांकित कंपनीचा आणि गरजेपेक्षा थोडा अधिक क्षमतेचा घ्यावा. यूपीएस शक्यतो ‘प्युअर साइन वेव्ह’ प्रकारचा असावा, कारण साध्या यूपीएसशी काही आधुनिक एसएमपीएसचे जमत नाही आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी ‘रेड’ रचना म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाते. एका समारंभाच्या दोन हजार चित्रांना सुमारे १०० जीबी लागतात. त्यांची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर असावी. तोवर कॅमेऱ्याची कार्डे पुसू नयेत.

जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी आणि वेगवेगळ्या मुदतीची असते. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि खोकी मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत.