शोभतं कुणाला?

यंदा संक्रांतीला वाण म्हणून नेलपॉलिश लुटायचं, असं आम्ही तासगावच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं. महिन्याच्या बैठकीत बाटल्या मांडल्या, तसे दोघींचे हात पदराआड गेले. एक म्हणाली, "आम्हा सावळ्यांना काय शोभतंय हे?" दुसरी काहीच बोलली नाही. तिचे मालक तीन वर्षांपूर्वी गेलेत.

म्हणून आज या 'शोभतं'बद्दलच बोलूया.

नखं रंगवणं आपल्याला नवं नाही. मेंदीनं नखंही रंगतात. तळहातावरची मेंदी उतरते, पण नखावरची नख वाढून कापलं जाईपर्यंत राहते. मेंदी गोरी-सावळी बघत नाही. बाटलीतलं नेलपॉलिश मात्र परदेशातून आलं. अमेरिकेत १९१७ मध्ये क्युटेक्सनं ते बाजारात आणलं. १९३२ मध्ये रेव्हलॉननं नख पूर्ण झाकणारे दाट रंग काढले. मोटारींना मारतात त्या चकचकीत रंगाच्याच जातीचं हे रसायन.

स्वातंत्र्यानंतर अशा परदेशी प्रसाधनांवर देशाचं परकीय चलन खर्च होई. पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना सुचवलं आणि १९५२ मध्ये लॅक्मे सुरू झाली, असं सांगतात. हे नाव १८८३ च्या एका फ्रेंच संगीत नाटकातलं. मूळ शब्द आपली लक्ष्मीच! इथल्या बायकांसाठी इथंच रंग बनू लागले. पण १९७५ मध्ये गोरं करणारं मलमही याच बाजारात आलं. त्याच्या नावातला 'फेअर' शब्द जायला २०२० उजाडलं. इतकी वर्षं ऐकलेलं मनातून लगेच कसं जाईल?

आता सावळ्या मैत्रिणीला उत्तर. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत पिवळसर, कधी हिरवट झाक असते. तिच्यावर विटकरी, मरून, तांबूस, पोवळ्यासारखा आणि काळ्या द्राक्षासारखा जांभळट रंग खुलतो. पांढुरका फिका गुलाबी लावला तर हात राखेसारखे दिसू शकतात. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात रंग फसवतो. एका नखाला लावून बाहेर उन्हात बघा. आणि बेदाणा निवडायच्या दिवसांत नखं कोरीच ठेवा, टवका मालात पडायला नको.

दुसरीचं उत्तर बाटलीत नव्हतं. ते आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कागद झाला, पण हळदी-कुंकवाची बोलावणी आजही निवडून जातात. ती आमच्याकडूनही तशीच जात होती, हे कबूल करायला हवं.

यंदा आम्ही सगळ्यांना बोलावलं. सावळ्या मैत्रिणीनं विटकरी रंग उचलला. दुसरी उशिरा आली, दारातच थांबली. आम्ही आत बसवून तिच्यापुढे ताट धरलं. तिनं मरून रंगाची बाटली घेतली आणि हात पुढे करून म्हणाली, "तुम्हीच लावा, मला सवय राहिली नाही."

तुमच्या गटाचं हळदी-कुंकू कधी आहे? यादी पुन्हा एकदा बघा.