गायरानातली रुई

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आजी नेहमी गवतापासून सुरू करायची. आमच्या माणदेशातल्या गायरानात पवन्या आणि मारवेल तेव्हा कमरेला लागायचं म्हणे. पाऊस लागोपाठ हुकला तशी गुरांनी आधी शेंडे खाल्ले, मग बुडखे, आणि मेंढरांच्या खुरांनी उरलीसुरली ठोंबंही उखडली. राहिली ती एकटी रुई. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाताना दोन्ही अंगांना हिरवंगार दिसायचं, पण जनावर तोंड लावायचं नाही. "हिरवं बघून डोळं फसायचं, पोट न्हाई," ती म्हणायची.

रुईचं पान अंगठ्याने चोळलं की पांढरी भुकटी निघते. या मेणचट थरामुळे पानातलं पाणी सहजासहजी उडत नाही, मूळही खोल ओलीपर्यंत उतरलेलं असतं. चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असल्याने गुरं तिच्या वाटेला जात नाहीत. दुष्काळात शेजारचं गवत संपतं आणि मोकळी जमीन आयतीच तिच्या हाती लागते. रुई माजली म्हणून गवत गेलं असं गावात अजून बोललं जातं. मला ते पटत नाही. गवत आपण चारून संपवलं, रुई नंतर पसरली.

तिच्याच कुळातल्या दुसऱ्या दोन वनस्पतींनी तर माणसं जगवली. खरपुडीचा वेल वाळून दिसेनासा झाला तरी कंद जमिनीत तग धरून राहतो; गुराखी जागा लक्षात ठेवून तो उकरायचे. माकडशिंगाच्या चौकोनी, बिनपानांच्या मांसल कांड्या काटेरी झुडपांच्या आडोशाला मिळायच्या. रेशनची लाल मिलो आणि कामावरची सुकडी पुरत नसे, तेव्हा आमचे नाना त्या कच्च्याच चावायचे. आंबट-खारट लागतात, भूक मरते, असं ते सांगत. कांडी मोडताना बूड मात्र सोडायचं, हा त्यांचा दंडक होता.

त्या उन्हाळ्यातही रुईच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या होत्या, हे आजीला पक्कं आठवायचं. त्यांचीच पुढे केशरी फुलपाखरं होतात. रुईचं विष अंगात साठवल्यामुळे पाखरंही त्यांना सहसा खात नाहीत. आणि तेल महाग झालं तरी शनिवारी मारुतीला रुईचा हार चुकला नाही.

आज गायरानात रुई भरपूर आहे. माकडशिंग शोधायला मात्र काटेरी जाळ्या उलथ्यापालथ्या कराव्या लागतात, कारण आता लोक बुडासकट उपटून नेतात.