टाक्यांतली गाठ आणि पाळीची तारीख

सिझर होऊन दोन-चार वर्षं होतात आणि एक दिवस टाक्यांपाशी हाताला गाठ लागते. पाळी आली की ती ठणकते, पाळी गेली की शांत होते. "टाकेच ते, दुखणारच," असं घरात म्हणतात आणि विषय संपतो. पण या दुखण्याला नाव आहे, आणि शंभर वर्षांहून जुना इतिहासही आहे. आज तोच सांगतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपात पोट फाडून बाळ काढत, पण गर्भपिशवीला सहसा टाके घालत नसत. रक्तस्रावाने, नाहीतर जंतू शिरून बहुतेक आया दगावत. 1876 साली इटलीतल्या पाविया शहरात डॉ. एदुआर्दो पोरो यांनी बाळापाठोपाठ पिशवीच काढून टाकली. आई वाचली, पण पुन्हा मूल होण्याची आशा संपली. 1882 साली जर्मनीत डॉ. मॅक्स सेंगर यांनी पिशवी नीट शिवण्याची पद्धत मांडली. त्यामुळे आईही वाचू लागली, पिशवीही राहिली आणि पाळीही सुरू राहिली.

1903 साली जर्मनीतच डॉ. रॉबर्ट मायर यांनी पोटावरच्या शस्त्रक्रियेच्या वणात पिशवीच्या अस्तरासारखा भाग सापडल्याची नोंद केली. पुढे 1920च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. जॉन सॅम्पसन यांच्या लेखांमुळे 'एंडोमेट्रिओसिस' हे नाव रूढ झालं.

हे होतं कसं? सिझरच्या वेळी अस्तराच्या पेशी जखमेत राहतात आणि तिथेच रुजतात, असं बहुतेक डॉक्टर मानतात. मग दर महिन्याला पिशवीच्या अस्तरासारख्याच त्याही सुजतात, त्यांतून रक्त झिरपतं. बाहेर यायला वाट नसल्याने तिथे गाठ होते.

हा आजार विरळा आहे. सिझर झालेल्या शंभरात एकीलाही सहसा होत नाही. पण सिझर वाढताहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 2005-06 मध्ये शंभर बाळंतपणांत 8.5 सिझर होती, 2019-21 मध्ये 21.5 झाली. म्हणजे हे दुखणं पुढे जास्त जणींच्या वाट्याला येऊ शकतं.

ही गाठ पुष्कळदा हर्निया किंवा टाक्याचा पू समजली जाते. गोळ्यांनी दुखणं काही काळ दबतं. सहसा गाठ पूर्ण काढावी लागते. काढलेला तुकडा तपासला की निदान पक्कं होतं. ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते.

बचत गटात आपण हप्त्याची तारीख चुकवत नाही. तशीच दुखण्याची तारीख पाळीच्या तारखेशेजारी दोन-तीन महिने लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि सिझर कधी झालं तेही सांगा. सोनोग्राफीत नुसती गाठ दिसते. ती पाळीबरोबर दुखते, हे मात्र आपणच सांगायचं असतं.