झिलईची माती आणि कारागिराचे नाव

श्रोतेहो, मातीची मूर्ती आपणांस नवी नाही. पण ती भाजून, झिलईचा लेप देऊन, पुन्हा भट्टीत घालण्याची कला पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या लुका देल्ला रोब्बियाने शिल्पाच्या पदवीस नेली. कथिलाच्या भस्माने झिलई दुधासारखी पांढरी होई, आणि निळ्या पार्श्वभूमीवर त्याच्या मूर्ती उठून दिसत. पुतण्या आंद्रेआ व त्याचे मुलगे यांनी हा धंदा तीन पिढ्या चालविला. 1851 च्या लंडन प्रदर्शनात मिंटनच्या कारखान्याने रंगीत झिलईची भांडी मांडली; पुढे तीही ‘मॅजोलिका’ म्हणून गाजली.

मुंबईत 1857 साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत हीच ओढ लागली. जॉर्ज टेरी यांनी सिंधमधील कुंभार आणून झिलईची भांडी करविली. अजिंठ्याच्या आकृती त्या भांड्यांवर उमटल्या. आज त्या भांड्यांबरोबर टेरींचे व शाळेचे नाव घेतले जाते. चाक फिरविणाऱ्या हातांचे सहसा नाही.

फ्लॉरेन्सने लुकाला शिल्पकार मानले, म्हणून त्याचे नाव उरले. यंदा गणपती आणताना आपणही कुंभाराचे नाव विचारू या, आणि ते घरच्या वहीत लिहून ठेवू या, एवढेच आमचे मागणे आहे.