छंदाची मासिके रद्दी नव्हेत

मराठी नियतकालिकांच्या डिजिटायझेशनचा विषय निघाला की एक मत सर्वमान्य सिद्धांतासारखे मांडले जाते. 'विविधज्ञानविस्तार' जपा, 'मनोरंजन' जपा, गाजलेले दिवाळी अंक जपा. पक्षिनिरीक्षण, इलेक्ट्रॉनिक्स, बागकाम, बुद्धिबळ, नाणी-तिकिटे असल्या छंदांच्या मासिकांवर मात्र वेळ आणि पैसा घालवू नका. हे मत चर्चेपुरते राहत नाही. ग्रंथालयात कपाटे अपुरी पडली की निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकण्याच्या, यादीत सर्वांत आधी हेच अंक जातात. आमच्या बोईसर-पालघर पट्ट्यातल्या दमट, खाऱ्या हवेत कसर आणि वाळवी यांचे काम आधीच सोपे झालेले असते. उरलेले काम हे मत करते.

हे मत मांडणारे पुस्तकांचे वैरी नाहीत. त्यांतले अनेक जण आयुष्यभर ग्रंथालयांसाठी झिजले आहेत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. त्यांचे म्हणणे चार मुद्द्यांचे आहे. एक, या मासिकांतली माहिती कालबाह्य झाली आहे. दोन, ती हौशी माणसांनी लिहिली आहे, तिला अधिकार नाही. तीन, कायद्यानुसार प्रत्येक नियतकालिकाची प्रत मोठ्या ग्रंथालयांत जमा होते, मग दुसरी खटपट कशाला? चार, कॉपीराइट आडवा येतो आणि पैसा तुटपुंजा आहे. चारही मुद्दे वरवर सयुक्तिक दिसतात. एकही टिकत नाही.

पहिला मुद्दा कालबाह्यतेचा. येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. कृती जुनी होते, नोंद जुनी होत नाही. रेडिओ जोडण्याची रीत बदलेल. पण अमुक तारखेला अमुक खाडीत अमुक पक्षी दिसले, ही नोंद जितकी जुनी तितकी मोलाची. तारापूरचा अणुवीज प्रकल्प 1969 मध्ये सुरू झाला. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. 1991 मध्ये शेजारचा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिले आले. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. आता या किनाऱ्यावरचा कोणीही जाणता माणूस एक साधा प्रश्न विचारील: हे सगळे येण्यापूर्वी येथे काय होते? सरकारी पाहणी प्रकल्पाच्या पावलांनी येते. प्रकल्पाचा मागमूसही नसताना खाडीच्या चिखलात, मिठागरांच्या बांधावर वही घेऊन कोण उभे राहते? हौशी माणूसच.

झफर फतेहअली यांनी 1960 मध्ये 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' सुरू केले, तेव्हा ते चक्रमुद्रित करून थोड्याशा वर्गणीदारांना पाठवले जाई. अणुभट्टीच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जर्नल तर 1886 पासूनचे. आज न्यूजलेटरचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर आणि जर्नलचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत घरबसल्या उघडता येतात. आमच्या किनाऱ्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे तेथे तयार आहेत, असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की, उत्तर कोठे छापले गेले असेल तर ते अशाच पानांत. ती पाने नष्ट करणे म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वीच साक्षीदार घालवणे होय.

तंत्राच्या मासिकांचेही तेच. दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' निघाले तेही 1969 मध्येच. त्यातली मंडले आज कोणी जोडणार नाही, हे मान्य. पण आयात परवान्यांच्या काळात या देशातल्या हौशी माणसाला कोणते सुटे भाग मिळत होते, कोणत्या दराने मिळत होते, मिळाले नाहीत तर तो काय पर्याय काढत होता, हे सांगणार कोण? जाहिरातींची पाने, वाचकांची पत्रे, दुरुस्तीचे सल्ले. 'आता सगळे नेटवर आहे' असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, नेटवर आजची माहिती असते. कालची माहिती कोणी चढवली तरच तेथे असते. ती आपोआप चढत नाही.

दुसरा मुद्दा अधिकाराचा. येथे मला एकच उदाहरण पुरेसे वाटते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सनदी अधिकारी. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हेच. पक्षी हा त्यांचा छंद. त्यासाठी त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक स्वतः चालवले. 1873 मध्ये त्यांनी त्यात रानपिंगळा या छोट्या घुबडाचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले. खानदेशातले अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीही आपल्या भागातल्या पक्ष्यांची यादी त्याच नियतकालिकात दिली. 1884 नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद उरली नाही. दरम्यान कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचा दावा केला. पक्षी-अभ्यासक पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने आणि जुन्या नोंदी ताडून पाहिल्या आणि तो दावा खोटा ठरवला. माइनर्ट्झहागेनने डेव्हिडसन यांनी गोळा केलेला नमुनाच संग्रहालयातून पळवून त्यावर बनावट चिठ्ठी लावली होती. 1997 मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा सापडला, तो खानदेशात शहाद्याजवळ. 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यातही दिसला. या अभयारण्याचा काही भाग आमच्या वाडा आणि मोखाडा तालुक्यांत येतो.

आता वाचकांनीच सांगावे, अधिकार कोणाचा ठरला? तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्याची चिठ्ठी खोटी निघाली. फावल्या वेळात केलेल्या हौशी नोंदी खऱ्या ठरल्या. हौशी माणसे चुकत नाहीत, असे मी म्हणत नाही. पण चूक पकडायलाही छापील पान हाताशी लागते. जळालेले पान ना खरे ठरवता येते, ना खोटे.

आणि श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याची आपली आजची दृष्टी तरी इतकी भरवशाची आहे का? 1920 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले. एका कारखान्याचे बातमीपत्र, नांगरांचा व्यवहार. त्या वर्षी कोणी 'जपण्याजोगी नियतकालिके' निवडली असती, तर त्याला यादीत जागा मिळाली असती का? शं. वा. किर्लोस्करांच्या हाती तेच पुढे मराठीतले एक प्रभावी मासिक झाले. त्याच घरातून 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' निघाले. पहिल्या अंकावरून भविष्य वर्तवता येत नाही. निवड करणाऱ्यांनी एवढी नम्रता ठेवावी.

तिसरा मुद्दा कायद्याचा. 1954 च्या कायद्याने पुस्तके आणि 1956 च्या दुरुस्तीने नियतकालिके चार ग्रंथालयांत जमा करणे बंधनकारक झाले: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे एशियाटिकमधले मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. उत्तम कायदा. पण तो पुढच्या काळाला लागू झाला. 'सृष्टिज्ञान' हे विज्ञानाचे मासिक 1928 चे. त्याची पहिली पंचवीसेक वर्षे या कायद्याच्या आधीची. शिवाय चक्रमुद्रित पत्रके, मंडळांची सभासदांपुरती निघणारी मासिके कायद्याच्या जाळ्यातून सहज निसटतात. आणि जमा झालेली प्रतही चार शहरांत. बोईसरच्या विद्यार्थ्याला एक लेख पाहण्यासाठी मुंबईची वारी करावी लागत असेल, तर तो अंक सुरक्षित असेल, उपलब्ध नाही. जतन आणि उपलब्धता या दोन्ही जबाबदाऱ्या आहेत. एक पार पाडल्याने दुसरी संपत नाही.

चौथा मुद्दा कॉपीराइटचा. याचा बागुलबुवा फार केला जातो. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. निनावी लेखनाचा प्रकाशनानंतर 60 वर्षे. म्हणजे पहिल्या पिढीच्या मासिकांतला बराच मजकूर आज मोकळा आहे. उरलेल्याचे काय? 2012 च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, छापील प्रत त्याच्याकडे असल्यास, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. जपणे आणि जगासमोर खुले करणे या दोन पायऱ्या आहेत. दुसरीसाठी परवानगी लागते, म्हणून पहिलीच चढायची नाही, हा कोणता न्याय?

पैशाचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे उत्तर निर्लेखन नव्हे. येथे मी पूर्वपक्षाला एक गोष्ट देऊन टाकतो: नुसते स्कॅन करून काम होत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तके स्कॅन केली. पण मराठी शीर्षके रोमन लिपीत, कशाही स्पेलिंगने नोंदवली गेल्याने कित्येक पुस्तके असूनही सापडत नाहीत. म्हणून क्रम उलटा धरावा. आधी सूची, मग स्कॅन. 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालये गावोगाव आहेत. पालघर जिल्ह्यातल्या अशा प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याकडच्या छंदविषयक मासिकांची देवनागरीत वर्ष-अंकवार यादी करावी, याद्या एकत्र पाहाव्यात, दुबार प्रती वगळाव्यात आणि जे कोठेच दुसरे नाही ते आधी घ्यावे. यादीला यंत्र लागत नाही. वही आणि कळकळ लागते.

पूर्वपक्षाचे चारही मुद्दे मांडून झाले, उत्तरेही देऊन झाली. निकाल वाचकांचा. माझी मागणी इतकीच की, त्या सूचीत नोंद झाल्याखेरीज एकाही अंकाच्या निर्लेखनावर सही होऊ नये. मी चुकीचा ठरलो, तर चार कपाटे काही वर्षे अडून राहतील. समोरचे मत चुकीचे ठरले, तर गेलेले अंक परत आणण्याची कोणतीही तरतूद कोणत्याही कायद्यात नाही.